तिसरीच्या वर्गाची वसंत नोंदवही

३ मार्च, सोमवार

आजपासून वसंत नोंदवही सुरू. एकच जाड वही, साऱ्या वर्गाची मिळून. गेल्या वर्षी प्रत्येकाला वेगळी वही दिली होती. आठवड्याभरात निम्म्या वह्या घरी राहिल्या आणि उरलेल्यांत फुलांची चित्रं भरली. चित्रं देखणी होती, पण कोणत्या दिवशी काय दिसलं हे एकाही वहीत सापडेना. यंदा वही वर्गातच राहील, खिडकीजवळच्या टेबलावर, दोरीने बांधलेल्या पेनासकट.

मुलं ३२, गट चार: बी, झाड, सावली आणि कुंडी. कुंडी म्हणजे व्हरांड्यातली लिंबाची कुंडी. या गटातल्या मुलांची तोंडं जरा उतरली, कारण कुंडीत सध्या बघण्यासारखं काही नाही. मीही खोटी आशा दाखवली नाही. रोज पानांच्या वरून आणि खालून बघा, एवढंच सांगितलं.

नोंदीत काय हवं ते मुलांनीच ठरवलं: तारीख, वेळ, कोणी पाहिलं, काय पाहिलं. 'छान', 'मस्त', 'खूप' हे शब्द नोंदीत चालणार नाहीत, हा नियम माझा. खूप उंच म्हणजे किती, असं विचारलं तर एकाने हात वर करून दाखवला, दुसरीने बाकावर उभी राहून त्याच्याही वर. मग पट्टी आणि दोरा आणायचं सर्वांना आपोआप पटलं.

४ मार्च, मंगळवार

बी गटाच्या तीन काचेच्या बरण्या. आत गोल गुंडाळलेला टिपकागद, कागद आणि काच यांच्यामध्ये घेवड्याच्या पाच-पाच बिया. पहिली बरणी खिडकीत, पाणी घालून. दुसरी कपाटात बंद, तिलाही तेवढंच पाणी. तिसरी खिडकीत, पण कोरडी.

काय होईल ते आधी लिहून घेतलं. कपाटातल्या बिया उगवणारच नाहीत, असं ८ पैकी ७ जणांचं मत. झाडाला ऊन लागतं हे त्यांना पाठ आहे, म्हणून. मी काही बोलले नाही.

कोरड्या बरणीची जबाबदारी जिच्याकडे आली, ती मुलगी गप्प होती. मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "बाई, माझ्या बरणीत तर काहीच होणार नाही. मग मी रोज काय लिहू?" जे दिसेल ते लिही, म्हटलं. तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं.

५ मार्च, बुधवार

भिजलेल्या बियांची सालं सुरकुतली. मुलांना वाटलं, बिया खराब झाल्या. दुपारपर्यंत बिया फुगल्या आणि सुरकुत्या गेल्या. साल आधी पाणी पिते, आतला गर नंतर. मधल्या काळात साल सैल पडते.

कोरडी बरणी: काही बदल नाही.

६ मार्च, गुरुवार

मोड आले! खिडकीतल्या पाचपैकी चार, आणि कपाटातल्याही चार. "अंधारात कसे आले?" या प्रश्नाने अख्खा तास घेतला. गणित राहिलं, ते उद्या भरून काढीन. शेवटी एका मुलीने स्वतःच वाट काढली: "बी जमिनीत पेरतो तेव्हा तिथेही अंधारच असतो की." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. उगवण्यापुरता शिधा बीच्या दोन दलांत साठवलेला असतो, एवढीच भर मी घातली.

कोरडी बरणी: काही बदल नाही.

७ मार्च, शुक्रवार

झाड गटाची तक्रार. मैदानाच्या कोपऱ्यातल्या पिंपळाची पानं गळताहेत, आणि पुस्तकात तर वसंतात पालवी फुटते असं आहे. आपलं झाड आजारी आहे का?

सगळ्यांना झाडाखाली नेलं. शिपाईमामा तिथेच झाडत होते. ते म्हणाले, दर वर्षी याच दिवसांत त्यांना दोनदा झाडावं लागतं, आणि हे झाड फार दिवस उघडं राहत नाही. इतक्या वर्षांचं निरीक्षण त्यांच्या झाडूत आहे आणि आपण त्यांना कधी विचारलंच नाही, याची मला खरोखर खंत वाटली. मुलांनी त्यांचं म्हणणं नोंदवहीत घेतलं. 'कोणी पाहिलं' या रकान्यात 'मामा' असं लिहिलं.

प्रत्येक झाड एकाच वेळापत्रकाने चालत नाही. काही झाडं पानगळीनंतर काही महिने उघडी राहतात, काही जुनी पानं टाकतात आणि लगोलग नवी धरतात. पुस्तकातलं चित्र चुकीचं नाही, पण ते एका प्रकारच्या झाडाचं आहे.

गळलेल्या पानाच्या देठाचं टोक भिंगातून पाहिलं. तिथे गुळगुळीत खूण असते, तुटल्यासारखी नाही. पान वाऱ्याने ओरबाडलं जात नाही. झाडच देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करून त्याला सोडून देतं. हे ऐकून वर्ग काही क्षण शांत झाला.

१० मार्च, सोमवार

आजची नोंद जरा लांब होणार.

बी गटाच्या पानावर खिडकीतल्या दोन क्रमांकाच्या बीच्या मुळाची लांबी अशी होती: शनिवार २ सेंटिमीटर, रविवार ४ सेंटिमीटर, सोमवार ६ सेंटिमीटर. रविवारी शाळा बंद होती. वर्गाला कुलूप होतं.

अक्षर कोणाचं ते मला कळलं, पण मी नाव घेतलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, रविवारी बरणी कोणी पाहिली? शांतता. मग तोच मुलगा उभा राहिला. घाबरलेला नव्हता, उलट त्याला आश्चर्य वाटत होतं. "बाई, शनिवारी २ होतं, आज ६ आहे. म्हणजे मध्ये ४ असणारच ना?"

मी थांबले. खोटं पकडायचं अशा तयारीने मी विचारलं होतं, आणि समोर आला तो नीट केलेला विचार. दोन ज्ञात आकड्यांच्या मधला आकडा काढणं शास्त्रज्ञही करतात. त्याला रागावले असते तर हा विचारच चुकीचा आहे असं त्याच्या मनात बसलं असतं. आणि काही न बोलता सोडलं असतं तर आपल्या वहीत पाहिलेलं कुठलं आणि ठरवलेलं कुठलं, हे कळायची सोय उरली नसती.

म्हणून प्रश्न वर्गापुढे ठेवला. रविवारी मूळ ४ सेंटिमीटरच होतं, हे नक्की का? कोणी म्हणालं हो. कोरड्या बरणीवाली म्हणाली, "रविवारी अडीचच असेल आणि रात्रीत एकदम वाढलं असेल तर?" तसं होऊ शकतं, हे त्या मुलानेही मान्य केलं. मग काय करायचं? एकाने आकडा खोडायला सांगितलं. दुसऱ्याने सुचवलं की खोडू नये, शिसपेन्सिलीने लिहावं.

तेच ठरलं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मोजलेलं पेनाने. अंदाज पेन्सिलीने, आणि त्यापुढे 'अंदाज' हा शब्द. जिथे पाहिलंही नाही आणि अंदाजही नाही तिथे रकाना मोकळा. पहिल्या पानावर नियमांच्या खाली हे लिहिलं. त्या मुलाने रविवारचे पेनाचे ४ एका रेघेने खोडले, शेजारी पेन्सिलीने पुन्हा लिहिले आणि खाली सही केली. सही करायला मी सांगितलं नव्हतं.

कोरडी बरणी: काही बदल नाही. आज प्रथमच तिने वेळही लिहिली.

११ मार्च, मंगळवार

खिडकीतल्या बरणीतली एक बी उलटी केली. मूळ आता वर, कोंब खाली. पैजा लागल्या.

१२ मार्च, बुधवार

मुळाच्या टोकाला खाली वाक आला. कोंब वर वळू लागला. उलट्या केलेल्या बीला खाली कुठे ते कसं कळतं, हे मुलांनी विचारलं तेव्हा टॉमस नाइट यांचा प्रयोग सांगितला. या इंग्लिश बागायतदाराने घेवड्यासारख्याच बिया पाण्याच्या जोरावर सतत फिरणाऱ्या चाकाला बांधल्या, आणि १८०६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फिरत्या चाकावर मुळं बाहेरच्या दिशेने गेली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. म्हणजे बीला ओढ जाणवते. चाक जोरात फिरत असेल तर चाकाची, नाहीतर जमिनीची.

मुलांनी पाण्याची बाटली दोरीला बांधून मैदानात गरगर फिरवली. हाताला ओढ जाणवते. बी गटातल्या एकीने लिहिलं: "मी बी असते तर माझं मूळ बाटलीकडे गेलं असतं." ही नोंद नियमात बसत नाही, पण मी ती खोडायला लावली नाही.

पिंपळ जवळजवळ उघडा. फांद्यांच्या टोकांना टोकदार कळ्या, दुर्बिणीशिवायही दिसतात.

१३ मार्च, गुरुवार

कुंडी गटाचं नशीब उघडलं. सकाळी आठ वाजता आरडाओरडा झाला म्हणून धावले, तर म्हणे पानावर पक्ष्याची विष्ठा आहे आणि ती चालतेय.

लिंबू फुलपाखराची अळी. लहान असताना ती तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा, अगदी पक्ष्याने घाण केल्यासारखी. खाणारे पक्षी तिकडे ढुंकून बघत नसावेत. लांबी ७ मिलिमीटर. दुसऱ्या पानाच्या कडेला एक फिकट पिवळं, मोहरीएवढं गोल अंडंही सापडलं.

पहिल्या दिवशी हिरमुसलेला गट आज व्हरांड्यातून हलायला तयार नव्हता. दोन्ही बाजूंनी पान बघायची सवय लागल्याशिवाय ही अळी दिसली नसती. अळीला हात लावायचा नाही आणि कुंडी हलवायची नाही, हे गटानेच ठरवलं.

१७ मार्च, सोमवार

"बाई, कपाटातला जिंकला!"

खिडकीतला सर्वांत उंच रोप १४ सेंटिमीटर, कपाटातला २३. उंची मोजली, आकडे पेनाने लिहिले, नोंदीत काहीही चूक नाही. आणि निष्कर्ष असा निघाला: अंधारात झाडं जास्त चांगली वाढतात.

मला या क्षणाची वाट होती. तरीही उत्तर द्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. दोन्ही बरण्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि विचारलं, उंची सोडून आणखी काय काय दिसतंय? पंधरा मिनिटांत फळा भरला. कपाटातल्याचा रंग पिवळट पांढरा. पानं नखाएवढी. खोड दोऱ्यासारखं. काचेचा आधार काढला तर आडवं पडतं. दोन पानांमधलं अंतर लांबच लांब. खिडकीतला ठेंगणा, पण पानं तळहाताएवढी, आणि फुंकर मारली तर डुलतो, पडत नाही.

"तो उजेड शोधत पळत होता," असं एकाने म्हटलं, आणि ते जवळपास बरोबर आहे. उजेड मिळेपर्यंत रोप बीमधला साठा खोड लांबवण्यात खर्च करतं. हिरवा रंग, जाड खोड, मोठी पानं ही कामं ते पुढे ढकलतं. मातीतून वर यायचं असतं तेव्हा हीच युक्ती उपयोगी पडते. कपाटात तिला शेवट नाही.

एकच गोष्ट मोजली तर काय होतं, हे माझ्या कुठल्याही भाषणाने इतकं नीट कळलं नसतं. आपण मुलांनाही एकाच आकड्याने मोजतो, हा विचार घरी जाईपर्यंत पाठ सोडत नव्हता.

कपाटातली बरणी आता खिडकीत. हिरवी होते का ते बघायचं.

१८ मार्च, मंगळवार

कपाटातल्या रोपांच्या पानांवर हिरवी छटा. एका दिवसात!

कोरडी बरणी: काही बदल नाही. सावली गटाची उद्या-परवाची तयारी: मीटरभर सरळ काठी, ओळंबा, खडू, पांढरे खडे.

२० मार्च, गुरुवार

विषुवदिन. याच्यासाठी सावली गट अडीच आठवडे थांबला होता.

मैदानाच्या मोकळ्या भागात काठी ओळंब्याने उभी केली. आठ वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर पांढरा खडा. आधी अंदाज: टोक कसल्या वाटेने जाईल? मुलांनी पेन्सिलीने चित्रं काढली. बहुतेकांनी गोलाकार काढलं, सूर्य गोल फिरतो म्हणून. कोणी चंद्रकोर काढली. सरळ रेघ एकानेही काढली नाही.

दहाच्या सुमारास खडे ओळीत येताहेत, असं एका मुलीच्या लक्षात आलं. अकरा वाजता इतर वर्गांतली मुलं खिडकीत जमली. चौथीचे सर आपला तास सोडून वर्ग घेऊनच आले. मुख्याध्यापकबाईंकडून अर्धा तास जास्त थांबायची परवानगी आधीच घेतली होती, आणि बरं झालं घेतली. शेवटचा खडा साडेबाराला. दोघांनी पहिल्या आणि शेवटच्या खड्यावर दोरी ताणून धरली. मधले सगळे खडे दोरीखाली. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

मैदानावर जो आवाज झाला तो मला लिहिता येणार नाही.

वर्षातले दोनच दिवस असे येतात, मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये एक. त्या दिवशी सूर्य पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या पातळीत असतो. म्हणून आकाशातली त्याची वाट आणि काठीचं टोक हे दोन्ही एकाच सपाट पातळीत येतात, आणि ती पातळी जमिनीला छेदते ती सरळ रेषेत. मुलांसाठी मोठा पुठ्ठा तिरका धरून दाखवला: पुठ्ठा टेबलाला टेकतो तिथे रेघच उमटते. इतर दिवशी सूर्य त्या पातळीच्या वर किंवा खाली असतो, म्हणून वाट वाकते. निदान वाकायला हवी. ते पुढच्या महिन्यात बघू.

दोन अडचणी मुलांनी काढल्या, दोन्ही उत्तम. पहिली: सावली बारा वाजता सर्वांत लहान व्हायला हवी होती, पण साडेबाराची त्याहून लहान निघाली. घड्याळ साऱ्या देशाने मिळून ठरवलेलं असतं. सूर्य मात्र प्रत्येक गावाच्या डोक्यावर त्या गावाच्या वेळेला येतो. दुसरी अडचण वर्तमानपत्र घेऊन आलेल्या मुलाची. आज दिवस आणि रात्र सारखी म्हणतात, मग छापलेल्या उदयास्ताच्या वेळांची वजाबाकी १२ तासांहून काही मिनिटं जास्त कशी? सूर्याची वरची कड दिसली की उदय धरतात आणि तीच कड बुडली की अस्त. शिवाय हवेमुळे प्रकाश वाकतो आणि सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. हे मी सांगितलं, पण विचारायची बुद्धी त्याची.

खड्यांच्या जागी चुन्याचे ठिपके करून ठेवले. मामा म्हणाले, तिथून झाडताना जपतो.

२१ मार्च, शुक्रवार

सगळे दमलेले. झाडाखाली वाचनतास घेतला. नोंदी नाहीत, रकाने मोकळे.

२४ मार्च, सोमवार

पिंपळाला पालवी! तांबूस, चकचकीत, इतकी मऊ की खाली लोंबते. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य असतं, म्हणून हा रंग. झाड गटाने एका फांदीला सुतळी बांधून दहा पानं ठरवली आहेत. रोज तीच बघायची.

अळी आता हिरवीगार, ३ सेंटिमीटर. मधल्या दिवसांत कात टाकली असावी. 'असावी' पेन्सिलीने, कारण टाकताना कोणी पाहिलं नाही. पेनाची टोपी जवळ नेली तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. त्रास नको म्हणून दुसऱ्यांदा केलं नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पाहिलेल्यांना विचारून घेतलं.

लेंड्या मोजायची कल्पना गटाचीच. कुंडीखाली पांढरा कागद. एका शालेय दिवसात ४१.

२६ मार्च, बुधवार

कोरड्या बरणीवाली आज पुन्हा आली. नोंदवहीत तिच्या नावावर 'काही बदल नाही' १७ वेळा आहे. यावेळी तिने 'रोज काय लिहू' असं विचारलं नाही. तिचा प्रश्न वेगळा होता. "बाई, या बिया मेल्यात की थांबल्यात?"

मी तिला वर्गासमोर बोलावलं. तिची बरणी नसती तर बिया पाण्याने उगवल्या हे आपल्याला म्हणता आलं असतं का? खिडकीच्या उजेडाने उगवल्या, काचेमुळे उगवल्या, मार्च महिन्यामुळे उगवल्या, काहीही म्हणता आलं असतं. तिच्या १७ नोंदींमुळे ती बाकीची उत्तरं गळून पडली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती लाजली, पण ताठ उभी होती.

मग तिच्याच हाताने बरणीत पाणी घातलं.

२८ मार्च, शुक्रवार

एकाच दिवशी दोन बातम्या.

कोरड्या बरणीत मोड. पाचपैकी तीन. ती दारातूनच ओरडत आली: "थांबल्या होत्या!"

अळीने कालपासून खाणं सोडलं होतं. सकाळी एका काडीवर कंबरेभोवती रेशमाचा धागा बांधून तिरकी टेकून होती. साडेदहाच्या सुमारास कातडी पाठीवर फाटली आणि वळवळत खाली सरकली. आत हिरवा कोष. चार मिनिटांचं काम, आणि ३२ मुलांपैकी २६ जणांनी ते पाहिलं. सगळं पेनाने. पाखरांपासून जपायला कुंडीभोवती जाळी लावली.

याच दिवशी त्यांना जपानमधल्या क्योतोबद्दल सांगितलं. तिथे चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात, दरबारी लोकांच्या रोजनिश्यांतून वेचलेल्या. आणि इंग्लंडमधल्या नॉर्फक परगण्यातल्या रॉबर्ट मार्शम यांच्याबद्दल. त्यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली: पहिलं फूल, पहिलं पान, परतलेले पक्षी. त्यांच्यामागे घरच्या पुढच्या पिढ्यांनी हे काम १९५८ पर्यंत नेलं. हवामान कसं बदलतंय हे समजून घ्यायला आज याच नोंदी कामी येतात. कोणी तरी विचारलं, त्यांच्याकडे पेन्सिलीचे आकडे होते का? मला हा प्रश्न फार आवडला.

३ एप्रिल, गुरुवार

परीक्षेची उजळणी. नोंदी तेवढ्या दोन: सुतळीच्या फांदीवरच्या दहांपैकी सहा पानांचा तांबूस रंग गेला. कोष जसाच्या तसा, काही बदल नाही. आता हे वाक्य लिहिताना कोणी तोंड वाकडं करत नाही.

५ एप्रिल, शनिवार

कोष काळपट झाला. अकरा वाजता आतून पंखांवरचे पिवळट ठिपके दिसू लागले. म्हणजे बाहेर यायला फार वेळ नाही. आणि बारा वाजता शाळा सुटते, उद्या रविवार.

वर्गाची घालमेल बघवत नव्हती. मुलांना थांबायचं होतं. ते शक्य नव्हतं. काडी तोडून घरी न्यायची सूचना आली, ती कुंडी गटानेच फेटाळली. मग खरा प्रश्न निघाला. जाळी तशीच ठेवली तर सोमवारी फुलपाखरू आतच सापडेल, सगळ्यांना दिसेल. पण दीड दिवस ते जाळीवर पंख आपटत राहील, कदाचित फाडून घेईल. जाळी काढली तर आपल्याला काहीच दिसणार नाही.

मी मत दिलं नाही. हात वर करून मोजणी झाली: जाळी काढावी २१, ठेवावी १०, एक जण ठरवू शकला नाही. जाळी काढली. दोघी रडल्या. मलाही सोपं गेलं नाही. ही मुलं तीन आठवडे त्या अळीवर आणि मग कोषावर नजर ठेवून होती.

७ एप्रिल, सोमवार

कोष रिकामा. वरच्या बाजूने उकललेला, कागदासारखा हलका. खालच्या कागदावर सुकलेला लालसर तपकिरी थेंब. बाहेर आल्यावर फुलपाखरू साठलेला मळ असा टाकून देतं.

आजची नोंद लिहायची पाळी कुंडी गटाची होती. त्यांनी ती रविवारच्या आकड्यावाल्या मुलाला दिली, तो बी गटातला असूनही. त्याने बराच वेळ घेतला. नोंद जशीच्या तशी उतरवतेय:

"७ एप्रिल, सकाळी ७.४०. कोष रिकामा आहे. खाली एक डाग आहे. फुलपाखरू बाहेर येताना आम्ही पाहिलं नाही." हे पेनाने. त्याखाली पेन्सिलीने: "अंदाज: शनिवारी १२ नंतर आणि आज ७.४० च्या आधी. बाई म्हणतात की ही फुलपाखरं बहुतेक सकाळी बाहेर येतात, म्हणून रविवारी सकाळी." रविवारच्या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नाही. तो मोकळा आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

पालकांसाठी प्रदर्शन. तक्ते केले नाहीत. तक्त्यांवर पालकांचीच मेहनत जास्त होते, आणि मुलं स्वतःच्याच तक्त्यापुढे पाठ केलेलं बोलतात. टेबलावर नोंदवही, बरण्या, रिकामा कोष, दोरी आणि काठी, एवढंच. मामांना झाड गटाने मुद्दाम बोलावलं आणि ७ मार्चचं पान उघडून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

एका मुलाच्या आजोबांनी मोकळ्या रकान्यांवर बोट ठेवून विचारलं, हे भरायचं राहिलं का? तीन-चार मुलं एकदमच बोलू लागली. मी बाजूला झाले.

१७ एप्रिल, गुरुवार

परीक्षेआधीचा शेवटचा मोकळा दिवस. सावली गटाने काठी त्याच खड्डयात, ओळंब्याने पुन्हा उभी केली. यावेळी अंदाज काढताना वर्ग दोन तटांत: जे सरळ रेघ एकदा पाहून बसले आहेत ते, आणि पुठ्ठा आठवणारे.

आठ ते साडेबारा, दर अर्ध्या तासाला खडा. मग दोरी. पहिल्या आणि शेवटच्या खड्यावर ताणली तर मधले खडे तिला सोडून बाहेर. नऊ-दहाच्या खड्यांपाशी दोरीपासून दोन-तीन बोटं दूर. चुन्याचे मार्चमधले ठिपके शेजारी अजून सरळ रांगेत होते. बाराच्या सुमाराला दोन ओळींमध्ये वीतभर अंतर, आठच्या खड्यांमध्ये त्याहून बरंच जास्त. सगळं मोजलं, सगळं पेनाने.

दुसरीची मुलं बघायला आली होती. पुढच्या मार्चमध्ये वही त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांतल्या एकीने कोरड्या बरणीवालीला विचारलं की ओळ सरळवरून वाकडी नक्की कोणत्या दिवशी झाली. तिने वही उघडली, २१ मार्चपासूनची सावली गटाची पानं एकेक उलटली आणि सांगितलं, "ते आम्ही पाहिलं नाही. तुम्ही बघा."